पुलावरच्या नातीची हद्द

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं असायचं. आमचं पुणे जिल्ह्याचं. त्यात एक कोरा नकाशा असे आणि मुलांनी त्यातले तालुके रंगवायचे. एका तालुक्याला पिवळा रंग दिला की शेजारच्याला पिवळा द्यायचा नाही, आणि रंग रेघेबाहेर जाऊ द्यायचा नाही. मी जवळपास तीस वर्षं हे करून घेतलं. रंग बाहेर गेला की अर्धा गुण कापायचे. एकदा चाचणीत प्रश्न होता, तुझा जिल्हा कोणता? एका मुलीने लिहिलं, बीड. तिचे वडील कंपनीत लागले म्हणून ती दोन महिन्यांपूर्वीच इकडे आली होती. मी तिच्या उत्तरावर लाल फुली मारली आणि वर, ‘पुस्तक नीट वाच’ असं लिहिलं. आता ती फुली आठवली की स्वतःची लाज वाटते.

खरं तर मला तरी अक्कल असायला हवी होती. माझे वडील निजामाच्या राज्यात जन्मले, हैदराबाद राज्यात शाळेत गेले, मुंबई राज्यात मॅट्रिक झाले आणि महाराष्ट्रात नोकरीला लागले. या सगळ्यात त्यांनी गाव एकदाही सोडलं नव्हतं. मी जन्मले तेव्हा आमचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. मी कॉलेजला जायच्या सुमाराला ते लातूर जिल्ह्यात गेलं. आता उस्मानाबादचंही धाराशिव झालंय. कुठल्याही फॉर्मवर ‘जन्माचा जिल्हा’ असा रकाना आला की मला पेन थांबवावं लागतं. ज्या जिल्ह्यात मी जन्मले त्यात माझं गाव नाही, आणि त्या जिल्ह्याला ते नावही नाही. तरी मी मुलांचे गुण कापत राहिले.

लग्न होऊन इकडे आले. यजमान चाकणच्या बाजूला एका कारखान्यात होते. पहिली काही वर्षं संत तुकाराम नगरात भाड्याच्या खोलीत काढली, मग सगळे घेतात तसा आम्हीही नदीपलीकडे प्लॉट घेतला. नदीच्या अलीकडे शहर आणि पलीकडे ग्रामपंचायत. अलीकडे एक तालुका, पलीकडे दुसरा. आमच्या गच्चीवरून शहराचे दिवे दिसतात, त्यांचे लाउडस्पीकर ऐकू येतात, त्यांच्या नाल्याचा वासही येतो. पण कागदावर आम्ही खेडेगाव. पोलिसांच्या लेखी मात्र आम्ही शहरात मोडतो, कारण त्यांच्या आयुक्तालयाची हद्द नदी ओलांडून आलेली आहे. म्हणजे चोरी झाली तर आम्ही शहरवासी आणि नळाला पाणी नाही आलं तर ग्रामस्थ. माझी नणंद सांगवीला राहते. तिच्या दारातला पूल ओलांडला की महापालिकाच बदलते. देहूरोडला तर लष्कराचं तिसरंच राज्य. एवढ्याशा पट्ट्यात इतके राजे नांदतात, पण रस्त्यातला खड्डा कुणाचा असं विचारलं की सगळे दुसऱ्याच्या हद्दीकडे बोट दाखवतात.

यजमान गेले, मी निवृत्त झाले, मुलाचं लग्न झालं. मुलगाही चाकणलाच, पहिल्या शिफ्टला. सून हिंजवडीत नोकरी करायची. ती तशी कमी बोलणारी, कामापुरतं बोलते. गेल्या वर्षी तिला दिवस गेले. हॉस्पिटल आम्ही नदीअलीकडचं, शहरातलं धरलं, कारण डॉक्टर ओळखीच्या होत्या.

दिवस भरायला अजून पंधरा दिवस होते. त्या दिवशी सकाळपासून तिच्या पोटात दुखत होतं, आणि या मुलीने ते मला जेवायच्या वेळेपर्यंत सांगितलं नाही. गॅस झाला असेल म्हणे. अडीच वाजता ती भिंत धरून उभी राहिली तेव्हा मला कळलं की हा गॅस नाही. पहिलटकरीण, वेळ लागेल, असं मी स्वतःलाच सांगत शेजारी धावले.

शेजारी म्हणजे ज्यांच्या शेतातला प्लॉट आम्ही घेतला ते बाबा. वय पंचाहत्तर, धोतर, डोक्यावर टोपी, आणि चारा वाहायची एक जुनी जीप. सगळं गाव त्यांना बाबाच म्हणतं. मी म्हणाले, रुग्णवाहिका बोलावते.

“बोलवा,” बाबा म्हणाले, “आन ती यीस्तवर आपुन पोचू. व्हा म्होरं, बाई. वाट न्हाई बघायची.”

जीपच्या मागच्या भागातला कडबा त्यांनी दोन्ही हातांनी बाहेर ढकलला. मी गादी टाकली, सुनेला आडवं केलं आणि तिच्या डोक्याशी बसले. मुलाला फोन केला, म्हणाले, थेट हॉस्पिटलला ये.

पुलापर्यंत पाच मिनिटांत आलो. पुलावर चढलो आणि अडकलो. तीन वाजायला आले होते, म्हणजे शिफ्ट सुटायची आणि भरायची वेळ एकच. पुढे कंटेनर, मागे कंपन्यांच्या बसेस, मधे दुचाकी घुसलेल्या. कुणालाच कुठं सरकता येत नव्हतं. बाबा हॉर्न दाबून दाबून थकले. खाली उतरून पुढच्या कंटेनरवाल्याला ओरडले, “बाय आडलीया रं मागं! जरा सरक की!” तो बिचारा कुठे सरकणार? त्याच्या पुढेही कंटेनरच होता.

सुनेने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की बांगडी वाकली. “आई,” ती म्हणाली, “थांबत नाही आता.”

मी शाळेत पाचशे मुलांना रांगेत उभं केलंय, गॅदरिंगं केलीत, पण बाळंतपण कधी केलं नव्हतं. मी जीपच्या मागचा पडदा बाजूला केला आणि जे कोण दिसेल त्याला ओरडले, कुणाला काही कळतं का यातलं? शेजारच्या लेनमध्ये कंपनीची बस उभी होती. खिडक्यांतून माणसं बघत होती. बघणारे पुष्कळ होते. दोघांनी मोबाईलही वर केले. मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही, पण शिक्षिकेच्या तोंडी शोभणारं नव्हतं.

बसचं दार उघडलं आणि एक बाई खाली उतरली. चाळिशीची असेल. कंपनीचा निळा गणवेश, डोक्यावर केस झाकायची जाळी तशीच. ती सरळ आत चढली, मला बाजूला सरकवलं आणि सुनेच्या गुडघ्यांवर हात ठेवला.

“घाबरू नको गो बाय,” ती म्हणाली. बोलणं कोकणातलं. “माझी आई हेच करायची. मी चार बघितलीत. श्वास घे. आता नको जोर लावू. मी सांगते तेव्हा.”

त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. दहा मिनिटं असतील, अर्धा तास असेल. बाबा पाठमोरे उभे राहून पडदा दोन्ही हातांनी धरून होते आणि मोबाईलवाल्यांना शिव्या घालत होते. मग सुनेने एकदा मोठ्याने ओरडून श्वास सोडला आणि त्या बाईच्या हातात एक लालभडक, सुरकुतलेलं पोर आलं. ते रडलं नाही. बाईने त्याला उलट्या हातावर घेऊन पाठ चोळली, बोटाने तोंड पुसलं. तेव्हा ते जे किंचाळलं, ते पुढच्या कंटेनरवाल्यालाही ऐकू गेलं असणार.

“मुलगी,” बाई म्हणाली. “नाळ कापू नका. तशीच आईच्या अंगावर ठेवा. कापायचं ते हॉस्पिटलात.” अंगावरचा निळा अॅप्रन काढून तिने बाळाला गुंडाळलं. तेवढ्यात तिची बस हलायला लागली. ड्रायव्हर ओरडत होता. ती उतरून धावत गेली. नाव विचारायचं राहिलं. कुठल्या कंपनीची तेही कळलं नाही, अशा निळ्या गणवेशाच्या कंपन्या या पट्ट्यात मोजता येणार नाहीत. पुढे मुलगा आठवडाभर त्याच वेळेला पुलाच्या तोंडाशी उभा राहिला. ती दिसली नाही.

वीस मिनिटांनी आम्ही हॉस्पिटलात होतो. दोघी सुखरूप. बाळाचं वजन दोन किलो सातशे. मी बाकावर बसून मुलाच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि रडले. मला वाटलं, अवघड ते सगळं झालं.

घरी सोडायच्या दिवशी हॉस्पिटलच्या खिडकीत जन्माच्या नोंदीचं विचारलं.

“जन्म आमच्याकडे झालेला नाही ना, आजी,” खिडकीतली मुलगी म्हणाली. “बाळ झाल्यावर तुम्ही आलात. दाखल केल्याची चिठ्ठी देते. नोंद जिथं जन्म झाला तिथं करायची.”

जिथं जन्म झाला तिथं. ऐकायला किती सोपं. मी घरी येऊन आखीव कागदावर अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, याचा मला उगाच अभिमान. त्यात मी सगळं खरं आणि सविस्तर लिहिलं: पूल, वार, वेळ, ‘वाहतूक कोंडीमुळे वाहन थांबलेले असताना प्रसूती झाली’, सगळं. तो अर्ज घेऊन आधी शहराच्या बाजूच्या कचेरीत गेले.

तिथं एक तरुण कॉम्प्युटरवर होता. त्याने जन्माचं ठिकाण विचारलं. त्याच्या यादीत रुग्णालय, घर आणि इतर असे तीन पर्याय होते. इतर दाबलं की पत्ता मागत होतं.

“पत्ता सांगा.”

“पूल.”

“पुलाला पत्ता नसतो, मॅडम. नदीच्या अलीकडे की पलीकडे?”

“नदीवर.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुद्दाम त्याची गंमत करतेय. “आमची हद्द नदीपर्यंत,” तो म्हणाला. “तुम्ही राहता पलीकडे. तिकडेच ग्रामपंचायतीत करा. सोपं पडेल तुम्हाला.”

आमच्या ग्रामसेवकाकडे तीन गावं. तो मंगळवारी आणि शुक्रवारी येतो असं फळ्यावर लिहिलंय. मला तो सापडला तिसऱ्या शुक्रवारी. माणूस वाईट नव्हता. चहा मागवला, अर्ज दोनदा वाचला, अक्षराचं कौतुक केलं.

“पण बाई, पूल आमचा नाही,” तो म्हणाला. “पूल रस्तेवाल्यांचा. खालचं पाणी पाटबंधारेवाल्यांचं. वाळू महसूलची.”

“आणि बाळ?”

“बाळ तुमचं,” तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. मी हसले नाही. तेव्हा तो जरा सावरून बसला. “म्हणजे असं बघा, जिथं गाडी होती ती जागा आमच्या शिवेत येते, असा काहीतरी कागद आणा. भूमी अभिलेखचा. मी लगेच करून देतो.”

दिव्याचे खांब मोजले होते का, हेही त्याने विचारलं. मोजले होते. बाबांनी मोजले होते. चौथ्या आणि पाचव्या खांबाच्या मधे. पुलावर एकूण आठ खांब. म्हणजे अगदी मध्यावर. नातीने जन्म घ्यायला जागा अशी शोधली की दोन्ही तालुक्यांना तिच्याकडे काणाडोळा करता यावा.

तालुक्याच्या गावाला बाबा माझ्याबरोबर आले. त्यांची जीप, आणि साक्षीदारही तेच. नकाशांच्या कपाटाजवळ एक कारकून होता. त्याने कापडावर चिकटवलेला गावाचा जुना नकाशा टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले आणि नदीच्या मधोमध असलेल्या तुटक रेघेवर बोट ठेवलं. “ही हद्द. नदीचा मध्य.”

बाबा वाकून बघत होते. “ही नदी हितं कशी?”

“नकाशात इथंच आहे.”

“नकाशात आसंल. पानी तिकडं हाय. माझ्या आज्याच्या टायमाला नदी आमच्या चिंचंच्या बुडाशी व्हती. पूर आला आन ती आमच्या रानातच घुसली. तवापासनं आमचं निम्मं रान नदीच्या पल्याड आन तुमच्या कागदात अल्याड.”

“नदी सरकली तरी हद्द सरकत नाही, बाबा.”

“मंग पूल कुठल्या नदीवर हाय? तुमच्या का आमच्या?”

कारकुनाला याचं उत्तर माहीत नव्हतं, आणि तसं कबूल करण्याइतका तो मोठाही नव्हता. मोजणी करून घ्या म्हणाला. मोजणीचा अर्ज जमिनीच्या मालकाने करायचा. पुलाखालच्या जमिनीचा मालक कोण, ते त्याच्या रजिस्टरमध्ये नव्हतं. त्याने नकाशाची गुंडाळी केली, फीत बांधली आणि कपाटात ठेवली. ज्या काळजीने तो ती गुंडाळी ठेवत होता, ती बघून मला त्याचा राग आला आणि मग माझाच आला. मीही पोरांच्या रंगवलेल्या नकाशांच्या अशाच गुंडाळ्या करून वर्षानुवर्षं कपाटात जपल्या होत्या.

बाहेर आलो तर फाटकाशी मांडव. नव्या जिल्ह्याच्या मागणीसाठी सह्या गोळा करत होते. पांढरे कपडे घातलेला एक तरुण पुढे आला. “बाई, या, सही करा. आपला स्वतंत्र जिल्हा झाला की सगळी कामं घराजवळ.”

मी त्याला विचारलं, “जिल्हा झाल्यावर नदी कुणाकडे?”

“नदी?” त्याला प्रश्नच कळला नाही. “नदी आपलीच की, बाई.”

“आपली म्हणजे अलीकडच्यांची की पलीकडच्यांची?”

तो माझ्या मागच्या माणसाकडे वळला. मी सही केली नाही. बाबांनी केली. मी का विचारलं तर म्हणाले, “च्या देत्यात.” मांडवात खरंच चहा चालू होता. त्या तरुणाच्या कार्यकर्त्यांपैकी एकालाही आपला आताचा तालुका धडपणे कुठं संपतो ते सांगता आलं असतं असं मला वाटत नाही, पण नव्या जिल्ह्याचं मुख्यालय कुठं हवं यावर मात्र त्यांच्यात दोन गट पडले होते आणि मांडवातच त्यांची हमरीतुमरी चालली होती.

दीड महिना गेला. सून या सगळ्यात काही बोलली नव्हती. मी रोज संध्याकाळी चिडून घरी यायचे, ती बाळाला पाजत ऐकायची. एका संध्याकाळी मी पुन्हा ग्रामसेवकाला नावं ठेवत होते, तेव्हा ती म्हणाली, “आई, मी नियम वाचला. वाहन चालतं असताना त्यात जन्म झाला तर गाडी पहिल्यांदा जिथं थांबते, तिथं नोंद करायची. आपण हॉस्पिटलला थांबलो. म्हणजे शहराच्या कचेरीत.”

“तुला कुठं मिळालं हे?”

“फोनवर. रात्री ही उठते तेव्हा वाचत होते.” तिने मोबाईल पुढे केला. नियम होता. एक ओळ. दीड महिना मी दोन तालुके पालथे घातले, आणि इतक्या खुर्च्यांवर बसलेल्या इतक्या माणसांपैकी एकालाही ही एक ओळ माहीत नव्हती. आणि मलाही शोधायचं सुचलं नव्हतं. मी अक्षर सुंदर काढत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा पुन्हा शहराच्या कचेरीत. या वेळी तरुणाने आम्हाला आतल्या साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी नियम वाचला, मान हलवली, आणि मग माझा अर्ज वाचला. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“नियम बरोबर आहे, मॅडम. पण तो चालत्या वाहनाचा. तुम्ही स्वतःच लिहिलंय, ‘वाहन थांबलेले असताना’. थांबलेलं वाहन म्हणजे जागा ठरली. मग ती जागा कुठल्या हद्दीत, हा प्रश्न येतो.”

पुलावर गर्दी नसती, गाडी हळूहळू का होईना पुढे जात असती, तर माझ्या नातीला शहर मिळालं असतं. कोंडी झाली म्हणून ती कुठंच जन्मली नव्हती. आणि ती कोंडी कुणामुळे? पूल रुंद करायचा कुणी, यावर हेच दोन तालुके वर्षानुवर्षं एकमेकांकडे बोट दाखवत आले होते. हे सगळं मला त्यांच्या तोंडावर म्हणायचं होतं, पण मी अर्ज परत घ्यायला हात पुढे केला.

साहेबांना बहुधा माझी दया आली. “ड्रायव्हर कोण होता?”

“म्या,” बाबा म्हणाले.

“तुमचा जबाब घेतो. नीट आठवून सांगा. बाळ झालं तेव्हा गाडी चालू होती की बंद होती?”

“चालू व्हती.”

“नक्की?”

“नक्की म्हंजी? बंद करायची सोयच न्हाई. बॅटरी गेल्याली. बंद केली आस्ती तर ढकलल्याबिगर पुन्यांदा चालू झाली नस्ती. बाय आडलेली, आन मी विंजीन बंद करीन व्हय?”

साहेबांनी पेन उचललं आणि जबाबात लिहिलं, ‘प्रसूतीच्या वेळी वाहन चालू होते.’ मी खुर्चीच्या टोकाशी बसून ते उलटं वाचत होते. चालू आणि चालतं यातला फरक मी किती पोरांना समजावून सांगितलाय. नोकरीतल्या सगळ्या वर्षांत मी असं वाक्य तपासल्याशिवाय सोडलं नसतं. तिथं मात्र मी तोंड मिटून घेतलं. बाबांनी खाली अंगठा न देता, थांबत थांबत, आपली सही केली. साहेबांनी शिक्का मारला, अर्जावर ‘चालत्या वाहनात जन्म, प्रथम थांबा शहर हद्द’ असा शेरा लिहिला आणि बाहेरच्या तरुणाला हाक मारली.

साहेबांना तो फरक कळला नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी ‘चालू’वर पेन जरा वेळ टेकवून ठेवलं होतं. पण म्हणून त्यांचे आभार मानावेत असंही मला वाटलं नाही. खोटं न बोलता एका म्हाताऱ्याने जे साधलं, ते त्यांच्या सगळ्या कपाटांना दीड महिन्यात साधलं नव्हतं.

जीपमध्ये बसल्यावर मी बाबांना म्हणाले, “तुम्ही खरंच इंजिन बंद केलं नव्हतंत?”

“न्हाई,” ते म्हणाले. “पर केलं आस्तं, तरी तितं तेच सांगितलं आस्तं.”

दाखला आला. मुलाने फ्रेम करू म्हटलं, मी त्याला रागावले. त्या कागदाला भिंतीवर जागा देण्याइतकी त्याची लायकी नव्हती.

पण तोही शेवट नव्हता. नोंद शहराची म्हणून पुढची गंमत झाली. गावातल्या अंगणवाडीच्या यादीत तिचं नाव आलं नाही. जन्म आमच्याकडे नोंदलेला नाही, म्हणून. शहराकडच्या आरोग्यसेविकेला फोन केला तर ती नदी ओलांडून येत नाही, हद्द नाही म्हणाली. बाळाचं वजन नोंदवायचं होतं, लसीचं कार्ड व्हायचं होतं, आणि आमची दोन महिन्यांची मुलगी कुणाच्याच वहीत नव्हती. त्या सकाळी मी काही लिहिलं नाही, कुणाला फोन केला नाही. सुनेला म्हणाले, बाळाला टोपी घाल, चल. आम्ही दोघी चालत अंगणवाडीत गेलो.

आत दहा-बारा मुलं पोह्यांच्या ताटल्या घेऊन बसली होती. अंगणवाडीताई विशीपंचविशीची, नवी लागलेली. तिला मी ओळखत नव्हते, पण ती मला ओळखत होती. मी दारातूनच बोलायला सुरुवात केली. पूल, दोन तालुके, ग्रामसेवक, नकाशा, चालू गाडी, सगळं. माझा आवाज चढत गेला. मुलं पोहे खायची थांबली.

तिने मला पूर्ण बोलू दिलं नाही. उठली, झोळीचा वजनकाटा आढ्याला टांगला, सुनेच्या हातून बाळ घेतलं आणि झोळीत ठेवलं. काटा थरथरला आणि स्थिरावला.

“चार किलो नऊशे,” ती म्हणाली. “छान वाढतेय. यादीचं मी बघते नंतर, बाई. आधी हिला झोळीतून काढू, रडायला लागेल.”

तिने वहीच्या शेवटच्या पानावर, जिथं रकाने आखलेले नव्हते, तिथं पेन्सिलने नातीचं नाव लिहिलं आणि पुढे वजन. मग लसीचं कार्ड काढून सुनेच्या हातात दिलं आणि पुढच्या बुधवारची तारीख सांगितली. सुनेने ती तिथंच फोनमध्ये टिपून घेतली. मी बाळाला खांद्यावर घेतलं. ती रडायच्या आधीच झोपून गेली होती.